रावसाबमामांचे शेवटचे दोन झेंडे

"हाताकडं बघू नगंस," रावसाबमामा म्हणाले. "हाताकडं बघितलं की हात बुजत्यात, बैलागत. वर बघ. वर मुटका हाय न्हवं, त्येच्याकडं बघ आन् दे हिसका."

मी वर बघितलं. शाळेच्या मागच्या अंगणात, हातपंपाशेजारी एक जुना लोखंडी खांब आहे. त्याच्या टोकाला मामांनी चक्क स्वतःचा पंचा गुंडाळून, त्याचा मुटका करून बांधला होता. मी हिसका दिला. गाठ सुटली, पंचा फडफडत उघडला आणि आतल्या झेंडूच्या पाकळ्या थेट माझ्या तोंडावर!

"अकरा," माझी मैत्रीण तहसीन म्हणाली. ती हातपंपाच्या ओट्यावर बसून चिंच चोखत मोजत होती. "मामा, अकराच्या अकरा वेळा जमलं हिला. आता पंचा फाटेल तुमचा."

"फाटूं दे. उद्या झेंडा फडाकला म्हंजे झालं."

पंचवीस जानेवारीची दुपार होती आणि मी सातवीत होते. आमच्या शाळेची एक पद्धत आहे. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी पाहुणे ओढतात, पण सव्वीस जानेवारीला जूनपासून एकही खाडा न केलेली मुलगी ओढते. त्या वर्षी अशा तिघीच निघाल्या. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं नाव आलं. मी शाळा बुडवत नव्हते ती अभ्यासाच्या प्रेमाने नाही हं, घरी राहिलं की आई दळण निवडायला बसवायची म्हणून. पण चिठ्ठीला हे कुठे माहीत!

नाव आलं तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या, पण मला ती चिठ्ठी परत टाकावीशी वाटली. कारण माझे हात. एकटी असले की सुईत दोरा पहिल्या झटक्यात जायचा. कुणी शेजारी बसून "बघू बघू" म्हणालं की सुईचं भोकच गायब! फळ्याशी बोलावलं की खडू तुटायचा. पाचवीत स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांना गुलाब देऊन नमस्कार करायचा होता, तर मी गुलाबासकट हात जोडले आणि फूल घेऊन जागेवर परत आले. पाहुणे हात पुढे करून उभेच. तहसीन अजून त्याची नक्कल करते.

म्हणून मी रावसाबमामांना गाठलं होतं. मामा आमच्या शाळेचे शिपाई. नाव रावसाहेब चौगुले. एकदा म्हणे ऑफिसात फोन आला, पलीकडून विचारलं, "साहेब आहेत का?" तर मामा म्हणाले, "हाय की, बोला." आणि पलीकडच्या माणसाने शाळेच्या अनुदानाची सगळी हकिकत त्यांना ऐकवली. मामांनी शेवटपर्यंत "बरं, बरं" केलं.

एकतीस वर्षं झेंडा मामाच बांधत होते. घडी घालायची, आत पाकळ्या भरायच्या, दोरीचा फास टाकून सुरगाठ मारायची आणि मुटका वर चढवायचा. मग खांबाला दोन दोऱ्या लोंबतात. एकीला हलका हिसका दिला की सुरगाठ सुटते. दुसरी ओढली की मुटका कप्पीत जाऊन घट्ट आवळला जातो, सुरगाठीची निरगाठ होते. माझी गडबड होऊ नये म्हणून बरोबरच्या दोरीला मामा तांबड्या लोकरीचा तुकडा बांधणार होते.

"मामा, पण उद्या सगळे बघत असणार," मी म्हणाले. "माझे हात कापतात हो."

"माझं न्हाई का कापत?" मामा पंचा झटकत म्हणाले. "ऑफिसात साहेबलोक आलं की च्या न्यायचा म्हंजे जीव जातोय माझा. कपबशा नुसत्या वाजत्यात. मग म्या काय करतो, म्हाईत हाय? ट्रेमदी वलं फडकं हातरतो. त्येच्यावर कपबशा. आवाज बंद! बघणाऱ्याला वाटतंय, काय झ्याक हात हाय गड्याचा."

तहसीन खो खो हसली. मग तिने विचारलं, "आणि झेंडा बांधताना? तेव्हा कापतात?"

मामा थांबले. पंच्याची घडी घालायची राहिली.

"न्हाई," ते म्हणाले. "झेंडा बांधताना न्हाई. एकदा बी न्हाई. तेवढं एकच काम हाय बघ, जिथं माझं हात माझं ऐकत्यात." मग त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "आता दोनच ऱ्हायलं. उद्याचा आन् एक मेचा. मेअखेर माझी सुटका. पेढं देतो सगळ्यास्नी."

मी त्यांच्यासमोर बाराव्यांदा दोरी ओढली. बाराव्यांदा जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माझ्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की भुवया वर गेल्या. पांढरा गणवेश, पांढऱ्या रिबिनी. वाटेत तहसीन म्हणाली, "गुलाब घेऊन परत येऊ नकोस म्हणजे झालं." मी हसलेसुद्धा. मैदानात शिरेपर्यंत मी अगदी ठीक होते, खरंच.

मैदानात नऊशे मुली उभ्या होत्या. म्हणजे अठराशे डोळे, चष्मे वेगळे. तालुक्याहून शिक्षणखात्याचे कुणी मोठे साहेब आले होते. त्यांच्या शेजारी आमच्या मुख्याध्यापिका आवटी बाई, कडक इस्त्रीच्या साडीत. पलीकडे पेटी, ढोल आणि गाणाऱ्या मुली, त्यांच्यासमोर पीटीचे खोत सर हात वर करून. खोत सरांचा एक अभिमान होता. झेंडा उघडणं आणि राष्ट्रगीताचा पहिला सूर, यांत श्वासाचंही अंतर पडू द्यायचं नाही. माझं कोपर हललं की ते हात खाली आणणार आणि गाणं सुरू होणार, असं ठरलं होतं.

नाव पुकारलं गेलं. मी चालत निघाले, तर लक्षात आलं की ज्या बाजूचा पाय पुढे त्याच बाजूचा हात पुढे चाललाय. दुरुस्त करायला गेले तर आणखी बिघडलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

खांबापाशी पोचले. सगळी शाळा माझ्या पाठीमागे, साहेब आणि बाई उजवीकडे चार पावलं मागे. समोर, खांबाच्या पलीकडे, फुलांचं ताट घेऊन एकटे रावसाबमामा. त्यांनी अगदी बारीक मान हलवली आणि डोळ्यांनी वर खूण केली. वर बघ.

मी हाताकडे बघितलं.

ते हात माझे नव्हतेच. कुणीतरी दोन गार, ओले हात माझ्या मनगटांना शिवले होते. तांबडी लोकर दिसत होती, तिच्याकडे बोटं न्यायची होती, एवढंच. पण बोटं वेगवेगळी होईनात. मुठीला एकच गोष्ट येत होती, मिटणं. ती मिटली. दोन्ही दोऱ्यांवर मिटली. मला कळलं, अगदी स्वच्छ कळलं की दोन्ही आल्यात, एक सोडायला हवी. आणि तेवढ्यात माझा हात, मी न सांगताच, खाली गेला. हलका हिसका कसला, मी लोंबकळलेच जवळजवळ.

वर मुटका कप्पीला जाऊन आपटला. आवळला. मी लोकरीची दोरी ओढली. पुन्हा ओढली. एक पाकळी पडली.

पण माझं कोपर हललं होतं. खोत सरांचा हात खाली आला होता.

राष्ट्रगीत सुरू झालं.

आणि राष्ट्रगीत सुरू झालं की कुणी हलायचं नसतं, आणि मधे थांबवायचं तर त्याहून नसतं. मुलींना दिसत होतं की झेंडा उघडलेला नाही, त्यांचे आवाज एकदम बारीक झाले, पण त्या गात राहिल्या. साहेबांचा सलाम होता, बंद मुटक्याला. आवटी बाईंच्या गळ्याची शीर उडत होती. बावन्न सेकंद. नऊशे माणसं ताठ उभी राहून त्या गाठोड्याकडे बघत होती आणि एकाही माणसाला काही करता येत नव्हतं. मी हातात दोऱ्या धरून उभी. दोन्ही.

मामा माझ्या मुठीकडे बघत होते. मग त्यांनी नजर उचलून समोर लावली, सावधानमध्ये नजर असते तशी.

गाणं संपलं आणि सगळं एकदम हललं. खोत सर धावत आले, दोरी सैल करून मुटका खाली घेतला. मामांनी ताट खाली ठेवलं आणि ते गाठ सोडवायला लागले. ओढून ओढून तिचा खडा झाला होता. त्यांचं एक नख उलटलं. तरी त्यांचे हात कापत नव्हते, हे मी जवळून पाहिलं. पुन्हा घडी, पुन्हा पाकळ्या, पुन्हा वर. दुसऱ्या वेळी साहेबांनीच दोरी ओढली. झेंडा फडकला. टाळ्या वाजल्या त्या पावसाळी छपरावरच्या थेंबांसारख्या, इथेतिथे.

नंतर ऑफिसच्या व्हरांड्यात साहेब म्हणाले, "कुणी बांधला होता झेंडा?"

"म्या, साहेब," मामा म्हणाले.

"किती वर्षं नोकरी झाली?"

"एकतीस."

"एकतीस वर्षांत एक गाठ येत नाही? का आता दिसत नाही नीट?"

मामांनी हात मागे घेतला. बोटाला रुमाल गुंडाळला होता, त्यात रक्त उमटलं होतं. आवटी बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, म्हणून तर जास्त अवघड झालं. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "गार्गी बाळ, घाबरू नकोस. तू लोकरीचीच दोरी ओढलीस ना?"

मामा माझ्याकडे बघत नव्हते. साहेब बघत होते, खोत सर बघत होते, खिडकीतून दहावीच्या मुली बघत होत्या.

"हो बाई," मी म्हणाले. "लोकरीचीच."

ते काही पूर्ण खोटं नव्हतं, असं मी त्या रात्री स्वतःला समजावलं. लोकरीची दोरीसुद्धा होतीच की मुठीत.

"गाठ माझीच चुकली आसंल, साहेब," मामा म्हणाले आणि ट्रे आणायला आत गेले.

पुढे आठवडाभर मी शाळेत 'बिच्चारी गार्गी' होते. वरच्या वर्गातल्या मुली मला बोरं द्यायच्या. "एवढी छान चालून गेली होतीस गं, त्या मामांनी घोळ घातला." पाचवीच्या पोरी मामांना बघून बुटाची नाडी दाखवायच्या, "मामा, गाठ मारून द्या की!" आणि पळायच्या. मामा हसायचे. तहसीनला मी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, पण गुलाबाची नक्कल करणं तिने त्या दिवसापासून काही महिने बंद केलं होतं, त्याचा अर्थ मला कळायचा.

आवटी बाईंनी मामांना काही शिक्षा केली नाही. उलट त्या म्हणाल्या, "एक मेचा झेंडा तुम्हीच बांधायचा, रावसाहेब. शेवटचा आहे तुमचा. फक्त बांधताना खोत सर शेजारी थांबून एकदा बघतील." मला हे कळलं तेव्हा इतकं हायसं वाटलं! म्हटलं, सुटलं. एक मेला मामा झ्याक झेंडा बांधतील, पेढे वाटतील आणि सगळं मिटून जाईल.

तीस एप्रिलच्या दुपारी मी आणि तहसीन चित्रकलेची वही न्यायला शाळेत गेलो. तहसीन वर्गात गेली आणि मी पाणी प्यायला मागच्या अंगणात. हातपंपाशेजारच्या खांबाखाली मामा एकटे उभे होते. पंचा गुंडाळत होते.

एकतीस वर्षांत मामांनी कधी सराव केला नव्हता. त्यांना लागायचाच नाही.

त्यांनी फास टाकला, गाठ मारली, मुटका वर चढवला, दोरी ओढली. पंचा उघडला. त्यांनी मान हलवली, पुन्हा खाली घेतला. पुन्हा गुंडाळला. या वेळी गाठ मारून झाल्यावर ती सोडली. पुन्हा मारली. पुन्हा सोडली. बोटं मध्येच थांबत होती, पुढचा वळसा कुठून, हे विसरल्यासारखी. आणि मामा मान खाली घालून आपल्या हातांकडे बघत होते. टक लावून.

"मामा," मी म्हणाले.

"कोण? गार्गी व्हय." ते ओशाळल्यागत हसले. "काय न्हाई गं. उद्याच्याला खोत सर शेजारी हुबं ऱ्हानार न्हवं. म्हटलं, जरा हात बसवून घ्यावा."

मी रडायला लागले. असं ठरवलं नव्हतं, पण लागले. "मामा, मी दोन्ही दोऱ्या धरल्या होत्या. सव्वीस जानेवारीला. गाठ तुमची बरोबर होती."

"म्हाईत हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? साहेबाम्होरं तुला रडवू?" त्यांनी पंचा खाली घेतला. "पर एक गंमत झाली बघ. म्हाईत हाय म्हनतोय खरं, पर रोज सकाळी उठल्यावर वाटतंय, आयला, खरंच चुकली नसंल न्हवं आपली? रोज थोडं थोडं वाटतंय. आता हातालाच खात्री ऱ्हायली न्हाई."

"मी बाईंना सांगते," मी डोळे पुसत म्हणाले. "आत्ताच जाऊन सांगते."

खरं सांगू? मला वाटलं होतं, मामा म्हणतील, "नको गं पोरी, ऱ्हाऊं दे." मोठी माणसं म्हणतात तसं. म्हणजे मी मोकळी.

मामा म्हणाले, "सांग की. लई बरं हुईल."

मी ऑफिसकडे गेले. आत आवटी बाई निकालपत्रकांवर सह्या करत होत्या आणि एका बाईंशी हसून बोलत होत्या. दारावर निळा पडदा होता. मी पडद्याला हात लावला. हात गार पडला. आत शिरल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, ते जुळवत मी उभी राहिले. 'बाई, मी खोटं बोलले' की 'बाई, एक सांगायचं होतं'? तेवढ्यात बाईंनीच वर बघितलं, "काय गं गार्गी?"

"काही नाही बाई. चित्रकलेची वही."

"ती वर्गात असेल, बाळ."

मी वर्गात गेले. तहसीनने दोघींच्या वह्या घेऊन ठेवल्या होत्या. आम्ही मैदानाकडच्या फाटकाने घरी गेलो, मागच्या अंगणात पुन्हा न जाता.

आता मी दहावीत आहे. माझे हात कापत नाहीत. सूत्रसंचालन मी करते, कथाकथनात जिल्ह्यात दुसरी आले, माइक समोर आला की मला उलट गुदगुल्याच होतात. नव्या बाई म्हणतात, "गार्गी मगदूमला भीती कशी ती माहीतच नाही." आवटी बाई निवृत्त होऊन मुलीकडे गेल्या. खोत सरांची बदली झाली. ज्यांच्यासमोर सांगायचं होतं, त्यांतलं कुणीच आता शाळेत नाही, आणि 'बाई, मी खोटं बोलले' हे वाक्य मात्र मला आता एका दमात, न अडखळता बोलता येतं.

एक मेच्या सकाळी मी लवकर गेले होते. खांबापाशी मामा घडी घातलेला झेंडा घेऊन उभे होते आणि शेजारी खोत सर, हाताची घडी घालून. सर काही टोचून बोलत नव्हते. "सावकाश, मामा, सावकाश," एवढंच म्हणत होते. मामांनी फास टाकला. काढला. टाकला. पाकळ्या सांडल्या, त्या त्यांनी वाकून एक एक वेचल्या. पुन्हा फास टाकला. माझ्या तोंडात आलं होतं, मामा, हाताकडे बघू नका, वर बघा. मी वीस पावलांवर होते. नुसतं ओरडायचं होतं.

मामांनी दोरी सरांच्या हातात दिली.

"सर, तुमीच बांधा," ते म्हणाले. "म्या च्याचं बघतो."

सरांनी बांधला. साहेब तेच आले होते, त्यांनी दोरी ओढली. झेंडा पहिल्या हिसक्यात उघडला, पाकळ्या पडल्या, श्वासाचंही अंतर न पडता राष्ट्रगीत सुरू झालं आणि संपलं. मग ती एक शांतता असते ना, विश्रामची आज्ञा येण्याआधीची, जेव्हा सगळं मैदान गप्प असतं, ती आली.

त्या शांततेत मागे व्हरांड्यातून आवाज ऐकू आला. मी मान वळवून बघितलं. मामा ट्रे घेऊन ऑफिसकडे चालले होते. ट्रेत ओलं फडकं अंथरलेलं होतं, त्याचं टोक बाहेर लोंबत होतं, मला दिसलं. तरी कपबशा वाजत होत्या.